अक्षरांवर पाय

आमच्या नाटकात पात्र रंगमंचावर येण्याआधी पडद्याआडून आवाज देतं. कधी नुसतं खाकरतं, कधी एखादी ओळ लांबवून म्हणतं. जाणता प्रेक्षक तेवढ्यावरून ओळखतो की आता म्हातारा येणार की सेनापती, सून येणार की सासू. ज्यांग गुइशान यांची चाहूलही आमच्या श्यीखोउ गावाला अशीच आधी आवाजाने लागायची. बांबूच्या चिमट्याचा टक् टक् आवाज. तो गल्लीच्या तोंडाशी आला की दारात भाजी निवडणाऱ्या बायका आधी स्वतःच्या पायाखाली बघायच्या. मग ते दिसायचे: पाठीवर टोपली, नजर जमिनीवर, मान कायमची वाकलेली. आयुष्यभर मी त्यांना आकाशाकडे बघताना पाहिलं नाही.

गाव त्यांना अक्षरकाका म्हणे. आणि गंमत अशी की अक्षरकाकांना एकही अक्षर वाचता येत नव्हतं.

त्यांचं काम लिहिलेला कागद उचलण्याचं. फाटकं पंचांग, औषधाच्या पुडीचा कागद, पोराने टाकलेला कित्त्याचा ताव, काहीही. ज्याच्यावर अक्षर उमटलं त्याने कुणाच्या पायाखाली यायचं नाही, चुलीत जायचं नाही, मासळीभोवती गुंडाळलं जायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. काका ते कागद टोपलीत गोळा करत, चिखल लागला असेल तर नदीवर धूत, गवतावर वाळवत, लिहिलेली बाजू आत घेऊन घडी घालत आणि पुलाच्या टोकाशी असलेल्या अक्षरभट्टीत जाळत. ती भट्टी म्हणजे माणसाच्या उंचीचा विटांचा बुटका मनोरा. राख मडक्यात साठवायची आणि वसंतात ढोल वाजवत नदीत सोडायची. आमच्या डोंगरात पाइनच्या काजळीपासून शाईच्या वड्या होतात, पलीकडच्या खोऱ्यात कागद होतो. शाई आणि कागद यांवर जगणाऱ्या मुलुखात अशा माणसाला कोण हसणार? तरी लोक थोडं हसतच.

"काका, माझ्या नवऱ्यालाही उचला की टोपलीत, कालपासून अंगणात आडवा पडलाय," अशी टोफूवाली हाक मारायची.

"लिहिलंय का त्याच्यावर काही?" काका मान वर न करता विचारायचे.

"आळशी असं लिहिलंय ना कपाळावर!"

"मला वाचता येत नाही, वहिनी. तुम्हीच ठेवा."

तरुणपणी ते नदीत लाकडांचे तराफे सोडत. बायको लवकर गेली. मुलगी सुथांग लहान असताना तिला मोठा ताप आला आणि ताप उतरला तेव्हा तिच्या डोळ्यांवर तांदळाच्या पेजेसारखं काहीतरी पसरलं होतं. देवळातला म्हातारा म्हणाला, मागच्या जन्मी पोरीने अक्षरांवर पाय दिला असणार, त्याचं हे फळ. बापाने अक्षरं उचलली तर डोळे निवळतील. काकांनी तराफा दुसऱ्याला दिला आणि टोपली पाठीला लावली. हमाली करून पोट भरत, पण उरलेला सगळा वेळ टोपलीचा.

सुथांग आमच्या नाटक मंडळीत कपड्यांच्या पेट्या सांभाळायला आली, तेव्हा मी तरण्या दासीच्या भूमिका करत असे. तिला माणसं सावल्यांसारखी दिसत. पण बोटं! राणीचा झगा कुठला आणि सोंगाड्याचा कुठला, हे ती नुसत्या शिवणीवरून सांगे. उसवलेली जरीची किनार ती अशी टाचायची की आमचे मालकही म्हणत, "ही पोरगी आंधळी असेल, तर आपण सगळे काय आहोत?"

माझी एक खेळी तेव्हा पंचक्रोशीत गाजलेली होती. दासी खिडकीत बसून शिवते, पण हातात सुईही नाही आणि दोराही नाही. सगळा अभिनय. दोरा ओठांनी ओला करायचा, चिमटीत पिळायचा, सुई उजेडाकडे धरायची आणि पहिल्यांदा चुकायचं. कपाळाला आठी घालायची. पुन्हा चुकायचं. मग तिसऱ्यांदा दोरा गेला की खुदकन हसायचं. त्या दोन चुकांवरच सगळी इमारत उभी. पहिल्याच फटक्यात ओवली तर लोकांना वाटतं, सुई नाहीच आहे. चुकली, की त्यांना सुई दिसते.

एका नववर्षाच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी बांबूचे कोंब द्यायला गेले होते. काकांनी चुलीजवळ स्टूल ओढलं आणि म्हणाले, "सुथांग, ओव बघू सुई. लानताईही बघतील."

सुथांगने सुई घेतली. दोरा ओठांनी ओला केला, पिळला, सुई उजेडाकडे धरली. चुकली. आठी घातली. पुन्हा चुकली. मग सुई तोंडाजवळ नेली, जिभेच्या टोकाने नेढं चाचपलं. हे मला दिसलं, कारण मी तिच्या बाजूला बसले होते. काका समोर होते. दोरा आरपार गेला. सुथांग खुदकन हसली.

माझीच खेळी! पडद्याशेजारी बसून, अर्ध्या डोळ्यांनी आणि पुऱ्या कानांनी, तिने ती उचलली होती.

काका टाळ्या वाजवायचेच बाकी राहिले. "पाहिलंत? मागच्या साली हिला केवढा वेळ लागला होता! निवळतायत डोळे, लानताई. हळूहळू, पण निवळतायत."

बाहेर आल्यावर मी तिला कोपरखळी मारली. "काय गं चोरटे, माझ्या पोटावर पाय?"

"ताई, रागावू नका," ती म्हणाली. "मला काही दिसत नाही जास्त. पूर्वीपेक्षा कमीच. पण बाबा दिवसभर वाकून येतात, त्यांना रात्री काहीतरी द्यायला नको का?"

दर वर्षी ती हे देत राहिली. आणि दर वर्षी काकांची मान आणखी एक बोट वाकत गेली, आनंदाने.

मग ते साल आलं, ज्यात आमच्या गावात अक्षरांचा पूर लोटला.

भिंतींवर, झाडांवर, देवळाच्या खांबांवर, आमच्या रंगमंचाच्या कमानीवर, जिथे जागा मिळेल तिथे माणसाएवढ्या अक्षरांचे कागद लागले. कोण गावाचा शत्रू, कोण जुन्या विचारांचा, कोणाला ठेचायचं. पिठाच्या खळीने चिकटवलेले ते कागद एकावर एक चढत गेले. खळीच्या वासाने डुकरं यायची आणि भिंतीवरून कागद ओढून खायची. एका डुकराने देशाच्या अध्यक्षांचं वचन खाल्लं म्हणून त्याच्या मालकाची चौकशी झाली. डुकराचीही झाली असती, पण ते तोवर कापलं गेलं होतं. आमच्या पेट्यांतले झगे अंगणात जाळले. सुथांग त्या ढिगाजवळ उभी राहून जळणाऱ्या कापडाच्या वासावरून सांगत होती, "हा राणीचा. हा सेनापतीचा. हा तुमचा, ताई."

आणि वारा सुटला की ते कागद फाटून चिखलात पडायचे.

काकांची तारांबळ बघवत नव्हती. जन्मात इतकी अक्षरं त्यांनी जमिनीवर पाहिली नव्हती. एक गल्ली उचलून होईतो मागची भरायची. टोपली रिकामी करून येईतो लोक तुडवून गेलेले असायचे. ते धापा टाकायचे, पुटपुटायचे, "पाय नका देऊ, बाजूने जा, बाजूने जा." मंडळीतला प्रत्येक जण त्यांना सांगून थकला. भिंतीवरचे कागद हे साधे कागद नाहीत, त्यांना हात लावणं म्हणजे निखाऱ्याला हात. काका म्हणायचे, "भिंतीवरच्यांना मी कुठे हात लावतो? पडलेलेच उचलतो."

एका दुपारी सुथांगने मला मुद्दाम बोलावून घेतलं. काका पेज पीत बसले होते. ती समोर बसली आणि म्हणाली, "बाबा, टोपली ठेवा आता. मी खोटं बोलले होते. माझे डोळे कधीच निवळले नाहीत. उलट गेले आहेत. तुमचा चेहरासुद्धा मला दिसत नाही."

काकांनी पेजेचा वाडगा खाली ठेवला. "आणि सुई?"

"ती लानताईंची खेळी होती. मी जिभेने चाचपायचे. विचारा त्यांना."

"खरं आहे, काका," मी म्हणाले.

त्यांनी आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. मग उठून फळीवरून सुई-दोरा काढला आणि तिच्या हातात दिला. "ओव."

सुथांगने सुई लांब धरली. दोरा नेढ्याच्या कितीतरी बाजूने गेला. पुन्हा गेला. पुन्हा. चौथ्यांदा, पाचव्यांदा दोरा हवेतच लोंबकळला.

आणि काका हसले. इतके हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. "अगं, मला वाचवायला नाटक करतेस? इतकी वर्षं या डोळ्यांनी बघतोय मी. लानताई, तुम्ही तरी हिला नीट शिकवायचं. असं कुणी चुकतं का? आंधळी सुद्धा इतकी वाईट चुकणार नाही."

खोटं तिने इतकं सुरेख वठवलं होतं, की खरं तिला वठवता आलं नाही. चाळीस वर्षं मी रंगमंचावर उभी होते. असा प्रसंग मला कुठल्याच संहितेत भेटला नाही.

दोनच दिवसांनी ते घडलं. पुलाजवळ एक मोठा लाल कागद चिखलात पडला होता. काकांनी तो नेहमीसारखा नदीत धुतला, गवतावर वाळवला, लिहिलेली बाजू आत घेऊन घडी घातली आणि भट्टीत जाळला. त्यावर अध्यक्षांचं वचन होतं आणि अध्यक्षांचं नाव होतं. पुलावरून जाणाऱ्यांनी बघितलं. दिवेलागणीच्या आत काकांना नेलं आणि भट्टी फोडली. तिच्या विटा डुकरांच्या गोठ्याला लागल्या.

काकांना जाब विचारायची सभा आमच्याच रंगमंचावर झाली. पडदे काढलेले, दिवे काढलेले, नुसत्या फळ्या. आम्हा मंडळींना पडद्याच्या जागी रांगेत उभं केलं होतं. बघा आणि शिका म्हणून. सुथांग माझ्या शेजारी, माझी बाही धरून. सभा चालवत होता फांग, शाईच्या कारखान्यातला हिशेबनीस. वाईट पोरगा नव्हता. लहानपणी त्याच्या कित्त्याचे तावही काकांनीच उचलले होते. पण त्याचा मामा शत्रू ठरून परगावी पळून गेलेला होता आणि ते सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तो इतरांपेक्षा मोठ्याने ओरडत असे.

काकांना मध्यभागी गुडघ्यांवर बसवलं. गळ्यात लाकडी पाटी, पाटीवर चिकटवलेला कागद, कागदावर त्यांचा गुन्हा आणि त्यांचं नाव, आणि नावावर लाल फुली.

"नाव सांग," फांग ओरडला.

"तुला माहीत आहे की, पोरा."

लोक हसले. कुणीतरी मागून काकांच्या पाठीत लाथ घातली. हसू थांबलं.

"अध्यक्षांचं वचन जाळायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. पडलं होतं. लोक पाय देत होते."

"त्यावर काय लिहिलं होतं, ठाऊक होतं?"

"मला कशावरचंच ठाऊक नसतं."

शरदातला बारीक पाऊस सुरू झाला. आमच्या रंगमंचाला पुढून छप्पर नाही. पाटीवरची खळ ओली होती, कागद सैल झाला, घसरला आणि फळ्यांवर पडला. सभेतला एक जण घोषणा देत पुढे आला आणि त्याचा बूट त्यावर पडणार होता.

"बाजूने, बाजूने!" काका ओरडले आणि गुडघ्यांवरच पुढे सरकून त्यांनी तो कागद उचलला. बाहीने टिपला. लिहिलेली बाजू आत घेऊन घडी घालू लागले.

सगळीकडे हशा पिकला. असा हशा मला माझ्या उत्तम खेळीलाही मिळाला नव्हता. सुथांगने माझी बाही ओढली. "का हसतायत? ताई, काय झालं?"

"तुझ्या बाबांनी कागद उचलला."

फांगने काकांच्या हातातून तो ताव हिसकावला, उलगडला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. "हे काय आहे माहीत आहे? हे तुझं नाव आहे! तुझं!"

काकांनी मान वर केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. टक लावून बघत राहिले. शाई पावसाने ओघळत होती.

"एवढं मोठं?" ते म्हणाले.

या वेळी कुणी हसलं नाही. फांगच्या चेहऱ्यावरून मला दिसलं, की आता हे आवरतं घेतलं नाही, तर त्याच्याच अंगाशी येईल. त्याने तो ताव फळ्यांवर पसरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ही जुनी अंधश्रद्धा आहे. मान्य कर. या कागदावर पाय दे, सगळ्यांसमोर. पाय दिलास, तर घरी जाशील." मग तो काकांना उभं करायला वाकला, तेव्हा मी जवळ होते म्हणून ऐकलं. तो कुजबुजला, "काका, एकदाच टेकवा. तुमचंच तर नाव आहे. कुणाचं काय जातं? टेकवा हो."

सुथांगने माझी बाही सोडली. हात पुढे धरून ती आवाजाच्या दिशेने फळ्यांवर चालत गेली. कुणी अडवलं नाही. रंगमंचाचा प्रत्येक खिळा तिच्या तळव्यांना ओळखीचा होता.

"बाबा, पाय द्या," ती म्हणाली. "मी आंधळी आहे. खरंच आंधळी आहे. आता काही बिघडायचं उरलं नाही. द्या पाय."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. ती त्यांच्या अगदी समोर, सरळ येऊन उभी होती.

"आंधळी?" ते लोकांकडे वळून म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात अभिमान होता. "पाहिलंत ना कशी सरळ चालत आली? हिचं मनावर घेऊ नका. पोरीला नाटक येत नाही."

आणि त्यांनी उचललेला पाय कागदाच्या पलीकडे, कोरड्या फळीवर ठेवला. मग खाली वाकले, ताव उचलला, घडी घातली आणि सदऱ्यात खोचला.

त्यानंतर त्यांचं काय केलं, ते मी लिहिणार नाही. आमच्या नाटकात मृत्यू पडद्याआड होतो. आम्ही फक्त ढोल वाजवतो. त्या दिवशी पडदा नव्हता.

त्यांना धान्याच्या कोठारात ठेवलं होतं. थंडी पडायच्या आत गेले. निरोप द्यायला फांगच आला. दारातच उभा राहिला, चहा घेतला नाही. जाताना सुथांगला म्हणाला, "मी त्यांना सांगितलं होतं गं, ताई." ती म्हणाली, "मीही सांगितलं होतं." पुढे फांगचा मामा परत आला, फांगच्याही गळ्यात पाटी पडली. पण ती त्याची गोष्ट.

सकाळी काकांना घरी आणलं. आम्ही दोघींनीच त्यांना धुतलं. वाकलेली मान सरळ होईना. शेवटी उशी दुमडून खाली दिली. सदऱ्याच्या आत सुथांगच्या बोटांना ती घडी लागली. रक्त आणि घाम यांनी कडक झालेली.

"हीच का ती?"

"हीच."

"लिहिलेली बाजू आत आहे?"

"आत आहे."

ती बराच वेळ ती घडी हातात धरून बसली. भट्टी नव्हती. चुलीत घालायची तिची छाती नव्हती आणि कागद जाळण्याचीच तर ही शिक्षा होती. नदीत सोडावी, तर कुणी काढून वाचेल. ठेवून द्यावी, तर उद्या झडतीत सापडेल आणि कुणाच्या तरी बुटाखाली येईल. थडग्याला दगड लावायची परवानगी नव्हती. गळ्यात पाटी पडलेल्या माणसाचं नाव कुठे लिहायचं नसे. म्हणजे ज्यांग गुइशान हे नाव जगात कुठे लिहिलेलं असेल, तर त्या घडीच्या आत, फुलीखाली.

तिने त्यांचा जाड कापसाचा अंगरखा मांडीवर घेतला आणि छातीच्या जागी अस्तर उसवलं. ते सुद्धा इतक्या हळुवारपणे, की एक धागा वाया गेला नाही. घडी आत सरकवली. मग फळीवरून सुई-दोरा घेतला. सवयीने दोरा ओठांजवळ नेला आणि थांबली.

समोरचं स्टूल रिकामं होतं.

"लानताई," तिने सुई माझ्याकडे केली, "तुम्ही ओवून द्या. आता कुणी बघत नाहीये."

मी ओवून दिली. पहिल्याच फटक्यात.

तिने अस्तर टाचायला घेतलं. टाके सरळ पडत होते, एकाशेजारी एक, मुंगीच्या पावलांएवढे.